‘तिकडे’ हे उत्तर नव्हे

मालिल्वेच्या आईने तिला पहिल्यांदा ‘ताई’ अशी हाक मारली, तेव्हा ती चुलीपाशी बसून भेंडीचा पाला चिरत होती.

“ताई, मिठाचा डबा कुठं ठेवलास?”

मालिल्वेने मागे वळून पाहिलं. ताई म्हणजे ल्वेन्डोमावशी, आईची थोरली बहीण. तिला तर थंडीच्या दिवसांतच पुरलं होतं. दारात दुसरं कुणी नव्हतं. आईच्या चेहऱ्यावर थट्टाही नव्हती. आयुष्यभर ती आपल्या शिक्षिका बहिणीकडे जशी पाहत आली तशीच, जराशी बिचकून, लेकीकडे पाहत होती.

“आई, मी आहे.”

“तुलाच विचारतेय. डबा कुठंय?”

“तिकडे…” म्हणत मालिल्वेने सुरीसकट हात वर केला आणि तो अर्ध्यावरच थांबला. “चुलीच्या मागे. कोनाड्यात.”

आई हसली. “बघ. आलीच की ती.”

आदल्या दिवशी मालिल्वेने नाव खाल्लं होतं. आमच्या खोऱ्यात त्याला असंच म्हणतात. मोठं माणूस गेलं की त्याचं नाव उघड्यावर टाकून चालत नाही. आईच्या गोतातल्या कुणीतरी ते पोटात घ्यावं लागतं, नाहीतर ते दारोदार हिंडतं आणि लहान मुलांच्या छातीवर बसतं. म्हणून गोत जमलं, मक्याची बीअर उकळली, आणि मामांनी मालिल्वेला चटईवर बसवलं. मामांनी तोंडात पाणी आणि पीठ घेऊन तिच्या छातीवर फुंकर घातली, गळ्यात पांढऱ्या मण्यांची माळ बांधली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ल्वेन्डो, तू आलीस. बरं झालं. आता घरीच राहा.”

मालिल्वेला नाही म्हणायचं होतं. चोमा शहरातल्या एका शिंप्याने तिला हाताखाली घ्यायचं कबूल केलं होतं; दोन गणवेशांचं कापड तिने कापूनही दाखवलं होतं. पण चटईवर बसलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. तिच्यावर मण्यांचं ओझं आलं, बायकांनी जीभ हलवत आरोळी दिली, आणि मावशीच्या हातची एनॅमलची पेटी तिच्या मांडीवर येऊन बसली.

पेटीत खडू होते.

*

ल्वेन्डोबाईंनी खोऱ्यातल्या प्राथमिक शाळेत सातवीला इंग्रजी शिकवलं. सातवीची परीक्षा पास झालं तरच पुढची शाळा, नाहीतर शेळ्या आणि तळ्यावरची मासळी. त्या परीक्षेत सगळ्यात जास्त मुलांना बुडवायचे ते इंग्रजीतले छोटे शब्द. इन, ऑन, ॲट, अंडर, बाय. वाक्यात एक रिकामी जागा, खाली चार शब्द, आणि त्यातला एकच खरा.

आमच्या बोलीत नावाला पुढून चिकटणारे तीनच उच्चार आहेत: एक आतलं सांगतो, एक वरचं, एक कडचं. त्या तिघांवर आमचे वाडवडील जन्मले, लढले, मेले. इंग्रजीत मात्र तेवढ्याने भागत नाही. फळ झाडा‘वर’ असतं, पण पक्षी झाडा‘त’ असतो. नदीपाशी असणं वेगळं, नदीत असणं वेगळं, नदीकाठी असणं आणखी वेगळं. माणूस तापाने मरतो तेव्हा एक शब्द लागतो, आणि सुऱ्याने मरतो तेव्हा दुसरा.

ल्वेन्डोबाई नियम सांगत नसत. त्या उभं करत. “एडिना, कुठं आहेस?” पोरगी म्हणायची, “इथे, बाई.” बाई खडू खाली ठेवायच्या. “इथे हे उत्तर नव्हे. इथे तर सगळेच असतात. मेलेलेसुद्धा. नीट बघ, मग सांग.” मग पोरगी बघायची: ती खिडकीच्या बाजूला आहे, दोन बाकांच्या मध्ये आहे, छपराखाली आहे, मुलींच्या घोळक्यात आहे. एकाच जागी उभं राहून माणूस किती ठिकाणी असतो, ते त्या वर्गात कळायचं. आणि कुणी बोट लांब करून ‘तिकडे’ म्हटलं, तर बाईंचा चेहरा असा व्हायचा की पुढच्या बाकावरची मुलं मान खाली घालायची. मारत त्या कधीच नसत. पण त्या एका शब्दासाठी त्यांनी मुलांना भर उन्हात अंगणात उभं केलेलं आहे. मालिल्वेलाही. स्वतःच्या भाचीलाही.

आता तो वर्ग रिकामा होता. मुख्याध्यापक चिसांगा उत्तरेतले, त्यांना नाव खाण्याबद्दल काहीच वाटत नसे. त्यांना वर्गावर कुणीतरी हवं होतं.

“तुझी बारावी झालीय ना?”

“झालीय, सर. पण इंग्रजी कसंबसं सुटलं होतं.”

“मला माहीत आहे, मी गुणपत्रिका पाहिलीय,” चिसांगा म्हणाले. “पण गावकरी म्हणतात, बाई परत आल्यात. पालक मला अंगणात येऊन सांगून गेले. आता मी दुसरं कुणी आणलं तर ते माझ्या घरावर येतील. तू फक्त परीक्षेपर्यंत उभी राहा, पोरी. वरून शिक्षक मागवलाय.”

पहिल्या दिवशी मालिल्वे फळ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि पाठीमागे मुलं एकदम उठली. “गुड मॉर्निंग, मिसेस ल्वेन्डो.” कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. किंवा घराघरांतून शिकवलं होतं.

तिने फळ्यावर वाक्य लिहिलं. पक्षी झाड— आणि तिचा हात थांबला. आत की वर? बारावीला इथंच तिची गाडी अडली होती. तिने डोळे मिटले. तोंडाला खडूची चव आली, घशात एक कोरडा खोकला वर आला, तिचा नव्हे असा, आणि त्या खोकल्यामागोमाग शब्द आला. इन.

“फळ झाडाचं असतं,” ती म्हणाली, “म्हणून ते वर. पक्षी बाहेरून येतो, पानांत शिरतो, म्हणून तो आत. झाडालाही आत असतं, मुलांनो.”

हे ती कधी शिकली होती? मुलांनी वाक्य उतरवून घेतलं. कोपऱ्यातल्या जॉयसने पुटपुटत शेजारणीला सांगितलं, “बघितलंस? बाई खोकल्या.”

असं रोज व्हायला लागलं. ती विचार करायला गेली की चुकायची. मन रिकामं सोडलं की बरोबर यायचं. आधी तिला गंमत वाटली, मग भीती. बरोबर उत्तर आलं की वर्ग खूश व्हायचा आणि तिच्या मानेवर काटा यायचा. आपलं म्हणून जे उरलंय ते फक्त चुका, असं तिला वाटायला लागलं. मग ती घरी जाऊन मुद्दाम एखादं चुकीचं वाक्य मनात म्हणायची आणि ते धरून झोपायची.

*

ल्वेन्डोबाईंचा नवरा सियांगा वर्गाच्या भिंतीच्या सावलीत येऊन बसायचा. तो तरुणपणी दक्षिणेत एका गोऱ्या कुटुंबाकडे स्वयंपाकी होता. त्याचं इंग्रजी स्वयंपाकघरातलं होतं, भाजलेलं आणि थोडं करपलेलं. मालिल्वे त्याला लहानपणापासून काका म्हणत आली होती. आता नाव खाल्ल्यावर चालीप्रमाणे ती त्याची बायको होती. बोलण्यापुरती. चेष्टेपुरती. ही चेष्टा आमच्याकडे सगळे करतात, आणि तिचा कुणाला राग येत नाही.

“काय मालकीणबाई,” वर्ग सुटल्यावर तो म्हणायचा, “आज नवऱ्याला जेवण आहे की पुन्हा व्याकरणच?”

“मक्याच्या पिठाची न्सिमा आहे, आंबट दूध आहे. दात आहेत का?”

“दात तुझ्यासोबतच गेले. आता नवे आणलेस का बघतो.”

बायका हसायच्या. मालिल्वेही हसायची. तो ताटावर बसला की हात धुवायला पाणी ओतताना ती त्याच्या बोटांकडे पाहायची. म्हातारा हात पुढे करायचा, पण तिच्याकडे कधी बघायचा नाही. पाणी पडत असताना तो नेहमी दुसरीकडे, तळ्याच्या दिशेने पाहायचा.

त्या वर्षी तळं खूप उतरलं होतं. पाऊस सलग हुकला होता, आणि धरणाच्या पोटातलं पाणी मागे मागे सरत गेलं होतं. जिथे होड्या चालायच्या तिथे मुलं चेंडू खेळत होती. पाण्यातून करड्या रंगाची मेलेली झाडं वर आली होती, मग त्यांचे बुंधे, मग त्यांच्या मुळांखालची जमीन. जुन्या गावाची जमीन. धरण झालं तेव्हा आमच्या सगळ्या गावाला ट्रकांत भरून वरच्या खडकाळ माळावर आणून सोडलं होतं. नदीकाठची शेतं, घरं, थडगी सगळं पाण्याखाली गेलं. आता म्हातारी माणसं काठ्या टेकत तिथे जात आणि ओल्या भेगांमधून आपापलं अंगण शोधत.

एक दिवस सियांगा ताटावरून उठला नाही. मालिल्वे भांडी उचलायला आली, तेव्हा तो म्हणाला, “बस जरा.”

ती बसली.

“तुझ्या मावशीने मला एकदा सुधारलं होतं. मी इंग्रजीत म्हटलं, मी तुझ्यावर रागावलोय. ती म्हणाली, असं नसतं. आपण माणसावर रागावतो, गोरे लोक माणसासोबत रागावतात. मी म्हटलं, हे बरंय की. आपलं तसंच चाललंय. एका घरात, एका चुलीवर, सोबत.” तो हसला नाही. “तुला माहीत आहे मी कशासाठी रागावलो होतो?”

“नाही, काका.”

“काका नको म्हणूस. आज काका नको.” त्याने मांडीवरचे हात उलटे केले. “मी दक्षिणेत होतो तेव्हा आमचं मूल झालं. मेलेलंच जन्मलं. मी आलो तोवर सगळं आटोपलं होतं. आता तू बाई आहेस, तुला सांगायला नको. असलं मूल बायकाच पुरतात. पाण्याजवळ, ओल्या मातीत. रडायचं नाही, पुरुषाला जागा सांगायची नाही. ठीक आहे. चाल आहे. पण सगळ्या बायका आपल्या नवऱ्याला सांगतात! अंथरुणात, कानात, केव्हातरी सांगतातच. माझ्या भावाला सांगितलं होतं. मी विचारलं, कुठे? ती गप्प. पुढच्या वर्षी विचारलं. गप्प. मग गाव बुडालं. म्हटलं, आता तरी सांग, आता कोण जाणार तिथे? ती उठून भांडी घासायला गेली. एवढं जगभरच्या पोरांना विचारायची, कुठे, कुठे, कुठे. मला एकदा सांगितलं नाही.”

भांड्यावर माशा बसल्या होत्या. मालिल्वेने त्या हाकलल्या नाहीत.

“आणि आता जमीन वर आलीय,” तो म्हणाला. “वरच्या देशांत यंदा पाऊस पडला तर पुन्हा जाईल. तोवर मी असेन नसेन. मला तिथे एकदा उभं राहायचंय. एवढंच. काही करायचं नाही, उकरायचं नाही.” मग त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. “तू तिचं नाव खाल्लंस. ते मण्यांपुरतं असेल तर तसं सांग. नसेल, तर मला उत्तर दे. ल्वेन्डो, कुठे?”

मालिल्वेने मन रिकामं सोडलं. वर्गात सोडायची तसं. खोकला आला. शब्द आला नाही.

*

“बीना चुमाला विचार,” आई म्हणाली. तिने आवाज खाली आणला होता, जणू भिंतीलाही हे सांगायचं नव्हतं. “त्या वेळी पुरायला चार बायका होत्या. तीन गेल्या. ती एकटी राहिलीय. पण तू कशाला पडतेस यात, ताई? तू जिवंत असताना बोलली नाहीस, आता कशाला?”

“आई, मी जिवंतच आहे.”



बीना चुमा गावाच्या टोकाला एकटी राहायची. वरचे पुढचे दात लहानपणीच काढलेले, त्या काळच्या चालीप्रमाणे. हसली की तोंडात काळोखाचा एक चौकोन दिसायचा. मालिल्वे पोहोचली तेव्हा ती अंगणात पाय पसरून लांब मानेच्या भोपळ्याची गुडगुडी ओढत होती. भोपळ्यातलं पाणी बुडबुडत होतं. मालिल्वेने तंबाखूची गोळी तिच्यापुढे ठेवली.

म्हातारीने आधी तंबाखूकडे पाहिलं, मग गळ्यातल्या मण्यांकडे.

“आलीस?”

“आले, आजी.”

“आजी कुणाला म्हणतेस? मावशी म्हण. आणि तेच विचारायला आली असशील, तर ती तंबाखू उचल आणि चालती हो.”

“काय विचारायला?”

“काय विचारायला, म्हणे!” म्हातारीने गुडगुडी बाजूला केली. “दरवर्षी कापणी झाली की तंबाखू घेऊन यायचीस. बसायचीस. रडायची नाहीस, तेही एक. विचारायचीस, मावशी, कुठे ठेवलंत? आणि मी दरवर्षी सांगायची, नाही सांगणार. मेलीस तरी पिच्छा सोडत नाहीस, बाई! त्या पोरीचे पाय घेऊन आलीस.”

अंगणात एक कोंबडी पिलांना घेऊन फिरत होती. मालिल्वे तिच्याकडे बघत राहिली, म्हणजे नजर कुठेतरी ठेवता येईल.

“म्हणजे… मला माहीत नव्हतं?” ती म्हणाली. आपण ‘मला’ म्हणालो हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

“तुला कसं माहीत असणार? तू तापात पडली होतीस. शुद्धीवर आलीस तेव्हा आमचे हात धुऊन झाले होते. तू विचारलंस, कुठे? मी असा हात केला.” म्हातारीने गुडगुडीची नळी उचलून हवेत एक मोठा, निरर्थक फेरा काढला. “तिकडे. बस. आईला जागा कळली की ती तिथे जाऊन बसते. आई तिथे बसली की पुढची मुलं वाटेतूनच परत फिरतात. आम्हाला असंच सांगितलं होतं.”

“पण पुढे मूल झालंच नाही.”

“नाही झालं.”

“तुम्ही सांगितलं नाहीत, तरी नाही झालं.”

गुडगुडीतला निखारा विझला होता; बीना चुमाने फुंकर मारली नाही.

“हे तू मला आधी कधी म्हणाली नव्हतीस,” ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खूप म्हाताऱ्या बाईचा झाला. “मनात होतं का?”

मालिल्वेने मान हलवली, होकाराची की नकाराची ते तिचं तिलाही कळलं नाही.

“आता तर सांगा,” ती म्हणाली. “पाणी उतरलंय. जमीन वर आलीय. तो विचारतोय.”

म्हातारी पुढे वाकली. तिने हात लांब करून मालिल्वेच्या पोटावर ठेवला. हात हलका होता, वाळक्या शेंगेसारखा.

“नाव तिचं आहे,” ती म्हणाली, “पण पोट तुझं आहे. ल्वेन्डोला मी आज सांगेन. आता तिचं काय जायचंय? पण ऐकणारे कान तुझे. तुला अजून मुलं व्हायचीत, मालिल्वे. तेव्हा तू ठरव. ल्वेन्डो म्हणून ऐकायचं असेल तर पूर्ण ल्वेन्डो हो. चोमा विसर, शिंपी विसर, लेकरं विसर. इथं बसून ऐक, आणि मग तिच्यासाठी तिथे जाऊन बस. नाहीतर ऊठ.”

“हे खरंच असतं का, मावशी? मुलं परत फिरणं?”

“मला काय ठाऊक? तुझ्या काळजीनेच सांगतेय.”

कोंबडी तिच्या पिलांना घेऊन कुडाच्या आडोशाला गेली. मालिल्वेने त्यांना जाताना पाहिलं. कुडाच्या आडोशाला, म्हणजे बिहाइंड, की बिसाइड, की बाय? कुणीच सांगायला आलं नाही. घसा कोरडा होता, पण खोकला नव्हता. तिच्या आत त्या क्षणी फक्त एक पोरगी होती, जिला शिंप्याकडे दोन गणवेश शिवायचे होते, आणि जी खूप घाबरली होती.

ती उठली.

“तंबाखू राहू दे,” बीना चुमा म्हणाली, तिच्याकडे न पाहता. “येत जा.”

*

सियांगाला तिने घरी काही सांगितलं नाही. “चला,” एवढंच म्हणाली. ऊन उतरायला लागल्यावर ती दोघं माळावरून खाली गेली.

जिथे आधी पाणी होतं तिथे आता मातीची भेगाळलेली चादर होती, आणि तिच्यावर पाणघोड्यांच्या पावलांचे सुकलेले खड्डे. मेलेली झाडं उभी होती. एकाही झाडाला फांदी नव्हती. कुठलं चिंचेचं, कुठलं अंजिराचं, काही ओळखू येत नव्हतं. अधूनमधून एखादा दळायचा दगड पडलेला होता, मधे झिजून खोलगट झालेला. खूप लांबवर पाण्याची पातळ रेघ चमकत होती.

म्हातारा थांबून थांबून चालत होता. “हे माझ्या सासऱ्याचं अंगण,” तो एका ठिकाणी म्हणाला. थोडं पुढे जाऊन म्हणाला, “की ते?” मग तो थांबला, काठी दोन्ही हातांत धरली आणि वाट पाहायला लागला. त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारून झालं होतं.

मालिल्वेच्या मनात आलं, आपण काहीही सांगू शकतो. त्या दोन बुंध्यांच्या मध्ये. त्या दगडाच्या बाजूला. त्या उंचवट्याच्या खाली. एक शब्द निवडायचा आणि म्हाताऱ्याला तिथे उभं करायचं. तो विश्वास ठेवेल. रिकाम्या जागेत शब्द भरायचा, तिला आता तेच तर येत होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली.

सियांगाने मान वर केली.

“मला कधीच सांगितलं नव्हतं. मी तापात होते. मी दरवर्षी बीना चुमाकडे विचारायला जायची, तंबाखू घेऊन. त्यांनी नाही सांगितलं. मी तुम्हाला काय सांगणार होते? आईलाच जागा ठाऊक नाही, असं? ते तोंडातून निघायचं नाही. तुम्ही मला कठोर समजलात. ते चाललं मला. हे नसतं चाललं.”

शेवटचं वाक्य कुणी तिला सांगितलं नव्हतं. ना बीना चुमाने, ना आईने. ते आलं, आणि आलं म्हणून ती बोलली.

वारा नव्हता. सियांगा हळूहळू खाली बसला, भेगाळलेल्या मातीत, काठी मांडीवर आडवी घेऊन. त्याचे ओठ हलत होते. मग आवाज आला.

“म्हणजे तू पण शोधत होतीस.”

“हो.”

“एका घरात.”

“हो.”

“आणि मी तुझ्या हातचं पाणी घेताना…” त्याने हात हवेत पुढे केले, हात धुवायला करतात तसे, आणि तसेच धरून ठेवले. “तोंड वळवून बसायचो. इतकी वर्षं. अगं, मला म्हटलं असतंस तर मीही आलो असतो त्या म्हातारीकडे. दोघं बसलो असतो. दोघांना तिने हाकललं असतं!” तो हसायला गेला आणि ते हसू मधेच कुठेतरी मोडलं. “दोघांना हाकललं असतं म्हातारीने.”

मालिल्वे त्याच्यासमोर बसली. तिने त्याचे पुढे केलेले हात धरले. पाणी नव्हतं, म्हणून नुसतेच धरले. तो तिच्याकडे पाहत होता, सरळ तिच्या चेहऱ्याकडे, आणि तिला कळत होतं की तो जिच्याकडे पाहतोय ती आपण नाही. तिने नजर वळवली नाही. बीना चुमाकडून आपण न ऐकता उठून आलो, हे ती त्याला सांगणार नव्हती. ते मालिल्वेचं होतं. ते कुणासोबत वाटून घेता येणार नव्हतं, आणि ते आता तिच्यात राहणार होतं.

सावल्या लांबल्या. मेल्या बुंध्यांच्या सावल्या जिवंत बुंध्यांसारख्याच दिसतात. म्हाताऱ्याने हात सोडवून घेतले, मूठभर माती उचलली, पाहिली, पुन्हा होती तिथे ठेवली.

“कुठलीही असेल,” तो म्हणाला. “सगळीच आपली.”

मग तो उठला. उठायला वेळ लागला. उभा राहिल्यावर त्याने डोळे पुसले, आणि त्याच्या आवाजात ती जुनी काळजी आली, काकांची, घरच्या पोरीसाठी असते तशी.

“जा आता घरी. तुझी आई वाट बघत असेल. मी बसतो जरा. जा, मालिल्वे.”

ती पाण्याच्या रेघेकडे पाहत उभी राहिली.

“मालिल्वे.”

कुणाला बोलावतोय हा, असं तिच्या मनात आलं, आणि तिने आजूबाजूला पाहिलं. त्या सगळ्या पसरलेल्या जमिनीवर दुसरं कुणी नव्हतं.